लाइट येतो, लिंक येत नाही

वाचकाचं पत्र

नमस्कार सर,

चाकणच्या एका मध्यम कारखान्यात मी एकटाच सिस्टिम अ‍ॅडमिन आहे. तीन सर्व्हर आहेत, त्यांवर व्हीएमवेअर (एका सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर) आणि त्यात आमची ईआरपी, म्हणजे कारखान्याचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर. जुनं स्टोरेज भरत आलं म्हणून नवं घ्यायचं ठरलं. मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "आपल्याकडे फायबर आहे ना?" मी म्हणालो, "हो, रॅकपर्यंत फायबरच आहे." त्यावर १६जी फायबर चॅनेलचं स्टोरेज मागवलं गेलं. बॉक्स आला, रॅकमध्ये चढला. आमच्या १०जी (सेकंदाला १० गिगाबिट) इथरनेट स्विचमध्ये केबल अगदी बरोबर बसली, पण लिंक काही येईना. केबलिंगवाल्यानं टेस्ट रिपोर्ट दाखवला, सगळं पास. स्टोरेजचा इंजिनिअर म्हणतो बॉक्स चांगला आहे, स्विच चुकीचा. स्विचवाला म्हणाला, केबल ज्यात बसते ते पोर्टमधलं लेझरचं मॉड्यूल आमच्या कंपनीचं लावा. तीही दोन विकत घेतली. स्विचवर लाइटची पातळी उणे २.४ डीबीएम दिसते, तरी पोर्ट डाउनच. आता साहेब म्हणतात, लॅमिंग्टन रोडवर एखादा कन्व्हर्टर मिळेल, तो घेऊन ये. आणि परवा सगळ्यांसमोर म्हणाले, "एका केबलसाठी महिना घालवलास." चूक माझी आहे का? यातून बाहेर कसा पडू? नोकरी बदलावी असंही मनात येतं.

एक वाचक, चाकण

उत्तर

नमस्कार,

नोकरी सोडायचा विचार तूर्त बाजूला ठेवा. हा गुंता सुटणारा आहे आणि तो सोडवलात तर त्याच ऑफिसात तुमच्या शब्दाला वजन येईल. चूक तुमची का असं विचारलंत, तर सरळ सांगतो. साहेबांनी फायबर आहे का विचारलं, तुम्ही हो म्हणालात, आणि ते पूर्ण खरं होतं. त्या फायबरवरून कोणता प्रोटोकॉल, म्हणजे उपकरणांची कोणती भाषा चालते, हे मीटिंगमध्ये कुणीच विचारलं नाही. ते विचारणं आधी स्टोरेज विकणाऱ्याच्या प्रीसेल्सचं, म्हणजे विक्रीपूर्वी गरज तपासणाऱ्या माणसांचं, काम होतं. समोर कोणते सर्व्हर, त्यांत कोणती कार्डं, मध्ये कोणता स्विच, हे पाहिल्याशिवाय त्यांनी कोटेशन द्यायलाच नको होतं. तुमच्या वाट्याला येतं ते एवढंच, की पीओ (खरेदीची ऑर्डर) निघण्यापूर्वी कोटेशनमधली पोर्टची ओळ वाचून तुम्ही ती अडवायला हवी होती. तेवढं मान्य करा, त्याहून जास्त अंगावर घेऊ नका. नेटवर्क, सर्व्हर, बॅकअप आणि सगळ्यांचे लॅपटॉप एकाच माणसावर टाकायचे आणि मग चारचौघांत त्याला असं बोलायचं, हे मला मनापासून खटकलं.

आता मुद्द्याचं. तुमच्या पत्रात निदान तुम्हीच लिहून दिलं आहे: उणे २.४ डीबीएम, तरी पोर्ट डाउन. स्टोरेजच्या पोर्टातून निघालेला प्रकाश तुमच्या स्विचच्या मॉड्यूलपर्यंत व्यवस्थित पोचतो आहे. १०जीबेस-एसआर, म्हणजे १०जी इथरनेटच्या कमी अंतराच्या मॉड्यूलला चालणाऱ्या मर्यादेत ती पातळी आहे. म्हणजे केबल तुटलेली नाही, कनेक्टरवर धूळ नाही, टीएक्स-आरएक्स (पाठवायची आणि घ्यायची टोकं) उलटे लागलेले नाहीत. केबलिंगवाला खरं बोलतो आहे, त्याला पुन्हा पुन्हा बोलावू नका. मॉड्यूल बदलूनही काही होणार नव्हतं, कारण अडचण मॉड्यूलच्या कंपनीची कधीच नव्हती.

अडचण त्या प्रकाशातल्या बोलण्याची आहे. तुमच्या स्विचचा पोर्ट इथरनेटचा, म्हणजे ऑफिसच्या नेहमीच्या नेटवर्कच्या भाषेचा आहे; फायबर चॅनेल ही सर्व्हर आणि स्टोरेज जोडायची वेगळीच भाषा. १०जी इथरनेट फायबरवर १०.३१२५ गिगाबॉडच्या (सेकंदाला इतके अब्ज संकेत) वेगानं बिट टाकतं. स्टोरेजचा पोर्ट १६जी फायबर चॅनेलचा आहे, तो १४.०२५ गिगाबॉडनं बोलतो, समोरचा हळू असेल तर ८जी किंवा ४जीवर उतरतो. त्या उतरंडीत १०.३१२५ ही पायरी कुठेच नाही, त्यामुळे दोघं एका वेगावर कधीच येत नाहीत. समजा वेग जुळला असता, तरी पुढे काही झालं नसतं. इथरनेटच्या फ्रेमवर, म्हणजे डेटाच्या पाकिटावर, ४८ बिटांचे मॅक पत्ते असतात. फायबर चॅनेलची फ्रेमच वेगळी, लॉगिनची पद्धत वेगळी, आणि तिथे प्रत्येक पोर्टला ६४ बिटांचं डब्ल्यूडब्ल्यूपीएन, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक असतो. समोरच्याकडे बफर मोकळा आहे असं क्रेडिट मिळाल्याशिवाय फायबर चॅनेल फ्रेम पाठवतच नाही. इथरनेटच्या स्विचला यातलं काहीही कळत नाही. त्याच्या लेखी तो नुसता उजेड आहे.

आणि हे बाहेरून ओळखू येत नाही, म्हणून माणसं फसतात. दोन्हींचं मॉड्यूल एसएफपी+ आकाराचंच. दोन्हींना एलसी कनेक्टर. दोन्हींत ८५० नॅनोमीटरचा लेझर. दोन्हींना तीच आकाशी रंगाची ओएम३ (फायबरचा एक दर्जा) पॅच कॉर्ड. हातात घेऊन पाहिलं तर फरक फक्त मॉड्यूलच्या स्टिकरवर दिसतो. एकावर १०जीबेस-एसआर असं लिहिलेलं असेल, दुसऱ्यावर १६जी एफसी किंवा १६जीएफसी (एफसी म्हणजे फायबर चॅनेल). तुमच्या स्टोरेजमधलं एक मॉड्यूल हलकेच बाहेर काढा (डोळ्यासमोर धरून आत पाहू नका), स्टिकरचा फोटो काढा, शेजारी स्विचच्या मॉड्यूलचा फोटो ठेवा. हे दोन फोटो पुढे फार कामाला येतील.

उलट दिशेचा गैरसमजही तितकाच पसरलेला आहे. स्टोरेज जोडायची आयस्कझी नावाची आणखी एक पद्धत आहे. कित्येक जण धरून चालतात की आयस्कझी म्हणजे आरजे-४५ची तांब्याची केबल आणि फायबर चॅनेल म्हणजे काचेची. तसं नाही. आयस्कझी म्हणजे डिस्कला द्यायचे स्कझी आदेश टीसीपी-आयपीच्या पाकिटात घालून नेणं. २००४ साली आरएफसी ३७२० या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजात ते लिहून ठरलं, आणि पोर्ट ३२६०. खाली तांबं असो, काच असो, त्याला काही देणंघेणं नाही. कॅट-६एवर १०जी चालत असेल तर त्यावर आयस्कझी चालेल, तुमच्या ओएम३वरही चालेल. दुसरीकडे, १९९४ साली प्रमाण ठरलेलं फायबर चॅनेल तांब्यावरूनही चालत आलं आहे. ब्लेड चेसिसच्या (अनेक सर्व्हर बसणाऱ्या एका पेटीच्या) आत आजही ते तांब्याच्या मार्गांवरूनच धावतं. म्हणून तारेकडे पाहून प्रोटोकॉल ठरवायचा नाही, आणि प्रोटोकॉलचं नाव ऐकून तार मागवायची नाही. कोटेशन वाचताना हे दोन प्रश्न सुटे सुटे विचारा, आणि दोन्हींची उत्तरं लेखी घ्या.

आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण ती महत्त्वाची आहे. स्विच जरी फायबर चॅनेलचा असता, तरी तुमच्या सर्व्हरांत फायबर चॅनेलचं कार्ड, म्हणजे एचबीए, आहे का? व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर स्क्रीनवर होस्टवर, म्हणजे एकेका सर्व्हरवर जा आणि स्टोरेज अ‍ॅडॅप्टर्सची यादी उघडा. तिथे व्हीएमएचबीए नावाच्या ओळी दिसतील आणि माणूस सुखावतो, की एचबीए आहे. थांबा. आतल्या रेड कार्डाला, साटा कंट्रोलरला, सॉफ्टवेअर आयस्कझीलाही तेच नाव मिळतं. नाव सोडा, शेजारचा टाइपचा कॉलम वाचा. तिथे फायबर चॅनेल असं लिहिलेलं असेल आणि पुढे १६ हेक्स अंकांचं डब्ल्यूडब्ल्यूएन असेल, तरच ते कार्ड आहे. फिजिकल अ‍ॅडॅप्टर्सच्या यादीत व्हीएमनिक म्हणून दिसणारे तुमचे एसएफपी+ पोर्ट इथरनेटचे आहेत. माझा अंदाज असा, की तिन्ही सर्व्हरांत एचबीए नाही. आज पाच मिनिटं काढून खात्री करा, कारण पुढचा सगळा खर्च त्यावर ठरतो.

कन्व्हर्टरचं काय? लॅमिंग्टन रोडवर मीडिया कन्व्हर्टर ढिगानं मिळतात, त्यासाठी मुंबई गाठायचीही गरज नाही. पण तो डबा माध्यम बदलतो. तांब्यावरचं इथरनेट काचेवर आणतो, काचेवरचं तांब्यावर. दोन्ही बाजूंना इथरनेटच राहतं. तुमच्याकडे माध्यम आधीच जुळलेलं आहे, त्यामुळे तो लावून काहीही साधणार नाही. प्रोटोकॉल बदलणारे ब्रिज म्हणून वेगळी उपकरणं असतात, पण ईआरपीचा डेटा आणि स्टोरेज यांच्या मध्ये असा एकुलता एक डबा ठेवायचा सल्ला मी देणार नाही. तो बंद पडला की कारखान्याचं डिस्पॅच बंद.

कुणीतरी एफसीओईचं नावही काढेल. इथरनेटच्या फ्रेममध्ये फायबर चॅनेलची फ्रेम घालून नेण्याची ही पद्धत २००९ साली ठरली. "तुमचा स्विच १०जी आहे ना, मग होईल" असं कुणी म्हणालं तर त्याला थांबवा. त्यासाठी फ्रेम न गाळणारं इथरनेट पुरवणारा आणि फायबर चॅनेल समजणारा स्विच लागतो. साधा १०जी स्विच पुरत नाही. एवढ्या छोट्या सेटअपसाठी त्या वाटेला जाऊच नका.

तुमच्यासाठी खऱ्या वाटा दोन आहेत.

पहिली, आणि मला जास्त पसंत असलेली: मधला स्विचच काढून टाकायचा. फायबर चॅनेल दोन पोर्टांमध्ये थेटही चालतं, आणि तुमचे सर्व्हर तीनच आहेत. प्रत्येकात दोन पोर्टांचं एक एचबीए घाला. स्टोरेजमध्ये दोन कंट्रोलर असतात, एक बंद पडला तर दुसरा काम सांभाळतो. एका पोर्टातून केबल कंट्रोलर अ ला, दुसऱ्यातून कंट्रोलर ब ला. एकूण ६ केबली, प्रत्येक कंट्रोलरवर ३ पोर्ट. बॉक्सला कंट्रोलरमागे ४ एफसी पोर्ट असतील तर एकेक उरतोही. तुमच्या ओएम३ पॅच कॉर्ड तशाच वापरता येतील. १६जीला ओएम३वर १०० मीटरपर्यंत चालतं आणि तुमचं सगळं एका रॅकमध्ये आहे. बाजारात १६जीची कार्डं मिळेनात तर ३२जीचं घ्या, ते १६जीवर उतरून चालतं. महागडा एफसी स्विच नको, त्याच्या पोर्टांची लायसन्स नकोत (कित्येक एफसी स्विचांत पोर्ट पैसे भरूनच उघडतात), झोनिंग (कोणत्या सर्व्हरला कोणतं स्टोरेज दिसावं हे स्विचवर ठरवणं) शिकायची घाई नको.

कार्ड मागवण्याआधी मात्र तीन गोष्टींची लेखी खात्री हवी. तुमच्या मॉडेलला थेट जोडणी चालते असं स्टोरेज कंपनीनं मेलवर लिहून द्यावं. कोणतं एचबीए, कोणतं फर्मवेअर आणि ईएसएक्सआयची (सर्व्हरवर चालणाऱ्या व्हीएमवेअरची) कोणती आवृत्ती, हे त्यांच्या कंपॅटिबिलिटी यादीत असावं. आणि सर्व्हर उघडून मोकळा पीसीआयई स्लॉट पाहावा. अशा कार्डांना साधारण आठ लेनचा स्लॉट लागतो. स्लॉट रायझरवर (स्लॉट असलेल्या जोडपट्टीवर) असेल आणि तो रायझरच बसवलेला नसेल, तर तोही मागवावा लागेल. ब्रॅकेट हाफ-हाइट की फुल-हाइट, हेही ऑर्डरमध्ये लिहा. चुकीच्या उंचीचा ब्रॅकेट आला म्हणून काम आठवडाभर लांबलं, असं या क्षेत्रात सर्रास घडतं.

कार्डं बसली की प्रत्येक होस्टची दोन डब्ल्यूडब्ल्यूपीएन लिहून काढा. एकूण सहा होतील. स्टोरेजवर त्यांची नोंद करा आणि ल्यून, म्हणजे सर्व्हरला डिस्क म्हणून दिसणारा स्टोरेजचा भाग, फक्त त्यांनाच दाखवा. मग प्रत्येक होस्टवर प्रत्येक ल्यूनला दोन पाथ (स्टोरेजपर्यंतचे मार्ग) दिसतात का ते पाहा. ईआरपी हलवण्यापूर्वी एक टेस्ट व्हीएम (आभासी सर्व्हर) नव्या स्टोरेजवर ठेवा, त्यात मोठी फाइल कॉपी करायला लावा आणि चालू कॉपीत एक केबल उपटा. कॉपी क्षणभर थबकून पुढे गेली पाहिजे. केबल परत लावा, पाथ परत आला का पाहा, मग दुसरी उपटा. तिन्ही होस्टवर हे करा. हा प्रयोग साहेबांना समोर उभं करून दाखवा, त्यांनाही बरं वाटेल.

दुसरी वाट म्हणजे स्टोरेजमधलं पोर्टचं कार्ड बदलून १०जी आयस्कझीचं घेणं. कित्येक बॉक्सांत ते कार्ड बदलता येतं. काहींत तर तोच पोर्ट सेटिंग आणि मॉड्यूल बदलून दुसऱ्या मोडमध्ये नेता येतो. तुमच्या मॉडेलला काय चालतं ते स्टोरेजवाल्यांना विचारा. येत्या दोन-तीन वर्षांत सर्व्हर तीनाचे सहा होणार असतील, तर हीच वाट बरी, कारण थेट जोडणीचे पोर्ट तेव्हा संपतील आणि १०जी स्विच तुमच्याकडे आहेच. पण मग आयस्कझीसाठी वेगळा व्हीलॅन (त्याच स्विचवरचं वेगळं नेटवर्क) ठेवा, ऑफिसच्या ट्रॅफिकमध्ये मिसळू नका. शक्यतो स्विचही दोन ठेवा. दोन पोर्टांचं टीमिंग करून एकच पत्ता देण्यापेक्षा मल्टिपाथ, म्हणजे दोन स्वतंत्र मार्ग वापरा, दोन्ही पोर्टांना स्वतंत्र पत्ते देऊन. एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार, बाइटांत) ९००० ठेवायचा असेल तर सर्व्हर, स्विच आणि स्टोरेज तिन्हीकडे ठेवा, आणि फ्रेमचे तुकडे न करता ८९७२ बाइटांचा पिंग पार होतो का ते तपासा. उरलेले २८ बाइट हेडरचे. साधा पिंग चालतो आणि हा चालत नाही, असं असेल तर मध्ये कुठेतरी एक पोर्ट १५००वर राहिला आहे, आणि तोच उद्या स्टोरेज अडकल्यासारखं भासवेल.

आता साहेबांशी बोलणं. त्यांना प्रोटोकॉल समजावताना उपमा देत बसू नका, वस्तू दाखवा. ते दोन स्टिकरचे फोटो एका पानावर शेजारी शेजारी छापा. खाली तीन ओळी लिहा: केबल ठीक आहे, रिपोर्टसह. स्टोरेज फायबर चॅनेल बोलतं, आपले सर्व्हर आणि स्विच इथरनेट बोलतात. उपाय दोन, प्रत्येकाचा खर्च आणि लागणारे दिवस इतके. सुरुवात चूक कुणाची यापासून करू नका. त्यांनी स्वतःहून विचारलं तर सांगा, "सर, तुम्ही फायबर आहे का विचारलंत, मी केबलचं उत्तर दिलं. प्रोटोकॉलचा प्रश्न आपल्या कुणाच्याच मनात आला नाही, आणि विकणाऱ्यांनीही विचारला नाही." हे खरं आहे आणि यात त्यांचाही मान राहतो. चारचौघांत बोलल्याचं मनात राहिलं असेल, तर काम झाल्यावर एकट्यात, शांतपणे त्यांना सांगा. सांगायलाच हवं असं मला वाटतं. गप्प बसलात तर पुढच्या वेळी पुन्हा तसंच होईल.

स्टोरेज विकणाऱ्यांना मेल लिहिण्यापूर्वी त्यांचं कोटेशन आणि तुमचा पीओ काढून नीट वाचा. त्यात १६जी एफसी असं स्वच्छ लिहिलेलं असेल, तर त्यांनी मागितलेलाच माल दिला आहे. मग भाषा हक्काची नको, विनंतीची हवी: कार्ड बदलून द्याल का, किंवा एचबीए सवलतीत द्याल का. सोबत हेही विचारा, की होस्टच्या बाजूची तपासणी त्यांनी कधी आणि कुणाकडून केली, त्याचा कागद पाठवा. तो कागद त्यांच्याकडे नसेल, तर चर्चेचा सूर आपोआप बदलतो. तिन्ही व्हेंडरना एकाच मेलमध्ये घेऊन भांडण लावू नका, त्यात दिवस जातात. केबलिंगवाल्याला मात्र स्वतंत्र मेल करून लिहा, की तुमचं काम बरोबर होतं. त्याला उगाच फेऱ्या पडल्या.

आणि इथून पुढे पीओमध्ये स्टोरेजची जोडणी एका शब्दात लिहू नका. प्रत्येक केबलची एक ओळ करा. उदाहरणार्थ: "सर्व्हर १, एचबीए पोर्ट १, फायबर चॅनेल १६जी, एसएफपी+ शॉर्टवेव्ह, एलसी ते एलसी ओएम३ ५ मीटर, स्टोरेज कंट्रोलर अ पोर्ट १, दोन्ही बाजूंची मॉड्यूल स्टोरेजवाल्यांकडून." अशा सहा ओळी लिहायला बसलात की जिथे पेन अडतं तिथेच अडचण असते, आणि ती पैसे जाण्यापूर्वी कळते. या यादीवर विकणाऱ्याची सही घ्या.

जाता जाता, ती जास्तीची दोन १०जी मॉड्यूल वाया गेली असं समजू नका. आयस्कझीची वाट धरलीत आणि दुसरा स्विच घेतलात, तर ती स्विचच्या बाजूला लागतीलच. थेट जोडणी केलीत, तर तुमच्या स्विचसाठी स्पेअर म्हणून लेबल लावून ठेवा. लेबलवर "इथरनेट, १०जीबेस-एसआर" असं पूर्ण लिहा, नुसतं "फायबर" नको.